उन्हाळ्याची सुट्टी, नेपाळ आणि दुसऱ्याच्या वावरातलं निंदणं

मे महिन्यात आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे कोरडवाहू वावरात करण्यासारखं काही नसतं, नांगरलेली ढेकळं तापत पडलेली आणि पारा पंचेचाळीसच्या आसपास, त्यात मला कॉलेजला सुट्टी, त्यामुळे कुठेतरी थंडाव्याला पळायचं हे ठरलेलंच असतं. फक्त यावेळी हॉटेल बुक न करता आम्ही दोघं नेपाळला गेलो, पोखऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका भाजीपाल्याच्या शेतावर, आणि नुसतं राहायला नाही तर राबायला. सकाळी चार-पाच तास काम, बदल्यात खोली आणि जेवण. घरी सांगितलं तर आजेसासूबाई म्हणाल्या, "आठे निंदाले बाया भेटतस नही, नि तुम्ही तठे दुसरानं वावर निंदाले चालनात?" निंदणं म्हणजे तण काढणं. मजुरी किती मिळेल हेही विचारलं, आणि 'काहीच नाही' ऐकून त्यांनी विषयच सोडला.

हे खूळ नवीन नाही बरं का. 1971 मध्ये लंडनमधल्या सू कोपार्ड नावाच्या एका सेक्रेटरी बाईंनी शहरातल्या माणसांना शनिवार-रविवार ससेक्समधल्या सेंद्रिय शेतावर कामाला न्यायचं सुरू केलं, तेच वाढत वाढत आता जगभर पसरलंय आणि लोक त्याला वूफिंग म्हणतात. पण आपल्या पासपोर्टवर युरोप वगैरे म्हणजे व्हिसाचीच आधी कटकट, आणि न्यूझीलंडसारखे देश तर जेवणाच्या बदल्यात केलेलं कामसुद्धा कामच धरतात, टुरिस्ट व्हिसावर ते चालत नाही. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही. फक्त पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड जवळ ठेवा, आधारवर जाऊ नका, ते तिकडे लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोडून कोणाला चालत नाही. भुसावळहून गोरखपूरची गाडी, तिथून बसने सुनौली, पायी बॉर्डर ओलांडायची आणि पुढे पाल्पावरून पोखऱ्याची बस. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, आणि आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा हिशोब एकदा डोक्यात बसला की बसला.

शेत म्हणजे आपल्यासारखं सपाट वावर नाही, डोंगराला पायऱ्या पायऱ्या कापलेल्या आणि एकेक पायरी आमच्या अंगणाएवढी. त्यात मका, मक्यातून चढलेल्या शेंगा, कडेला आलं, हळद, खाली भोपळ्याचे वेल, घराजवळ रायो म्हणजे मोहरीच्या जातीची पालेभाजी, आणि जिथे काहीच येत नाही तिथे गुरांसाठी गवत. घरधनी दाइ, म्हणजे दादा, बरीच वर्षं कतारला बांधकामावर होते, परत येऊन त्यांनी हे मांडलं. त्यांच्या गावातली निम्मी पोरं आजही आखातात नाहीतर मलेशियात आहेत, आपल्याकडे कसं प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी सुरतेला उधना-लिंबायतला असतंच, तसंच. त्यामुळे तिथेही शेती बायकांच्या जिवावरच चाललेली.

आणि इथेच मजा झाली. दाइंच्या बायकोने, म्हणजे दिदींनी, मला पहिल्याच दिवशी बहिनी म्हणजे धाकटी बहीण केलं, त्यामुळे नवरा आपोआप जावई झाला. आता जावयाला आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात अनारसे मिळतात, इथे सकाळी सहाला हातात कुटो मिळाला, म्हणजे त्यांचं छोटं कुदळीसारखं खुरपं, आणि मक्यात बसवलं. हा शेतकऱ्याचा मुलगा, पण आमच्याकडे फवारणी, औत, पाणी हे पुरुषांचं आणि निंदणं म्हणजे बायांचं, त्यामुळे आयुष्यात उकिडवं बसून तण काढायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. पहिली पायरी संपेपर्यंत तो कमरेवर हात ठेवून चार वेळा उभा राहिला. मी काही बोलले नाही, मला तर बरंच वाटत होतं खरं सांगायचं तर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच म्हणाला की बायांना आपण मजुरी फार कमी देतो.

त्याचं ठिबकचं दुकान आहे, त्यामुळे तण काढता काढता सगळं लक्ष पाइपांवर. वरच्या झऱ्यातून काळ्या पाइपने पाणी खाली यायचं, मोटर नाही की लाइटची वाट बघणं नाही, डोंगराचा उतारच प्रेशर देतो, आणि तरी जॉइंटमधून गळायचं. त्याने ते सगळे जॉइंट बसवून दिले. आमच्याकडे बोअर दर दोन-चार वर्षांनी अजून खोल न्यावी लागते, त्यामुळे गळणारं पाणी बघवत नाही, हा आजार खानदेशी माणसाला असतोच.

मला आवडलं ते झोलमल, म्हणजे पिकावर फवारायचं त्यांचं घरगुती औषध. नाव गमतीशीर आहे, वास मात्र अजिबात गमतीशीर नाही. निळ्या ड्रममध्ये गाईचं गोमूत्र, त्यात अडुळसा, तितेपाती नावाचं कडू झुडूप, बकाणा, असा हाताला लागेल तो कडू पाला बारीक करून टाकायचा, अधूनमधून ढवळायचं आणि काही आठवडे कुजू द्यायचं. मग गाळून, पाणी मिसळून फवारायचं. आपल्या दशपर्णी अर्काची सख्खी बहीणच. ड्रमचं झाकण काढलं की डोळ्यात पाणी यायचं, वर पिवळट फेस आणि त्यात बुडबुडे, दिदी मात्र त्यात काठी घालून शांतपणे गप्पा मारायच्या. किडीवर सगळीकडे चालतं असा दावा त्यांनी केला नाही, मक्यावरच्या लष्करी अळीला ते पुरत नाही असं सरळ सांगितलं. तीच अळी आपल्याकडेही मका खातेय, त्यामुळे त्या दिवशी जेवताना फक्त अळी हाच विषय.

सगळ्यात अवघड म्हणजे डोको. बांबूची निमुळती टोपली, तिला नाम्लो म्हणजे रुंद पट्टा, तो पट्टा डोक्याच्या पुढच्या भागावर घ्यायचा आणि सगळं वजन पाठीवर. शेणखत भरून तीन पायऱ्या खाली न्यायचं. मान ताठ ठेवली तर मागे ओढल्यासारखं होतं, वाकलं तर पायरीचा काठ दिसत नाही, आणि साठीच्या आजीबाई बाजूने बोलत बोलत पुढे निघून जातात. मी अर्धा डोको नेला आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

जेवण सकाळी दहाला आणि रात्री, दोन्ही वेळा डाळभात, दुपारी भाजलेला मका आणि सोयाबीन. चांगलंच होतं, पण चौथ्या-पाचव्या दिवशी आम्हाला ठेचा आठवायला लागला. मग एका संध्याकाळी चुलीवर त्यांचीच लांब जांभळी वांगी भाजली. जळगावची हिरवी भरताची वांगी कुठे आणि ही कुठे, भाजायला पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या काड्याही नाहीत, घोटायला लाकडी बडगीही नाही, पण ओखलात म्हणजे उखळात मिरची-लसूण ठेचून वांगी घोटली, वर कच्चं तेल. दाइंनी भातावर घेतलं. भरीत भातावर! बोलवेना. मग त्यांनी वरून टिमूर टाकला, जीभ बधिर करणारं मिरं असतं ते, आणि काय सांगू, ते इतकं भारी लागलं की आता घरी पुडी आहे आणि भरीत केलं की चिमूटभर जातोच, आजेसासूबाईंना अजून पत्ता नाही.

जोडीने जायचं असेल तर एकच सांगते, जायच्या आधी नीट विचारून घ्या की रोज किती तास, सुट्टी कधी, जेवणाचे वेगळे पैसे आहेत का, कारण काही ठिकाणी खाण्याचे रोजचे पैसे घेतात आणि ते चूक नाही, नवशिक्या माणसाकडून शेताला मदत कमी आणि ताप जास्त असतो. आम्हाला एकाच खोलीत, नेटवर्क नसताना, दमून झोपायची सवय नव्हती, पहिले दोन दिवस चिडचिड झाली, नंतर इतके दमायचो की भांडायला ताकदच नसायची. ज्याचे गुडघे दुखतात त्याने जाऊ नये, आणि ज्याला पोखऱ्याच्या फेवा तळ्यावर बोटीत बसून फोटो काढायचेत त्याने सरळ हॉटेलात राहावं, तेही छान आहे, आम्ही शेवटी तेही केलंच.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याबरोबर यायचं म्हणतायत, त्यांना मुक्तिनाथ करायचाय. शेतावर राहायला तयार आहेत, दिदींशी फोनवर बोलूनही झालं, पण निंदायचं नाही ही अट आधीच घातलीय.