बघ्याची दुपार

घरासमोर उड्डाणपूल होतोय, त्यामुळे माझी दुपारची कामं रखडलीत. धुळीबद्दल, आवाजाबद्दल सगळेच कुरकुरतात. मीही कुरकुरते, रीत म्हणून. पण खिडकी काही लावत नाही.

सध्या सेगमेंट चढवणं चाललंय. ट्रेलरवरून काँक्रीटचा अवाढव्य पोकळ ठोकळा येतो आणि वरचं लाँचर नावाचं यंत्र त्याला सावकाश उचलून घेतं. प्रत्येक ठोकळ्यावर रंगाने आकडा टाकलेला असतो. नवा ठोकळा ओतताना आधीच्या ठोकळ्याची कडच साचा म्हणून वापरतात, त्यामुळे तो बसतो तर फक्त त्याच्याच शेजाऱ्याला. सतराच्या जागी अठरा चालत नाही. मग हातमोजे घातलेली दोन माणसं त्या कडेला इपॉक्सीचा गोंद फासतात, तळव्याने, कोपऱ्याकोपऱ्यातून. एवढी यंत्रं, एवढं टनावारी वजन, आणि लिंपण शेवटी हातानेच! इथे माझा चहा हमखास गार होतो.

लहानपणी असलं काही बघायला मिळायचं ते पत्र्याच्या कुंपणातल्या भोकातून. भोक एक, पोरं दहा. पन्नास म्हणेपर्यंत बघायचं, आणि मागचे मेले मुद्दाम भराभर मोजायचे. माझ्या वाट्याला एक गमबूट आणि गढूळ पाणी आलं. ज्याला काहीच दिसलं नव्हतं, त्याने मात्र खाली भुयार असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. आम्ही कितीतरी दिवस त्याच्याच मागे.

खिडकीतल्या बघ्यांचा मूळपुरुष म्हणजे वॉशिंग्टन रोबलिंग. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या पुलाचा हा मुख्य अभियंता नदीखालच्या पायाच्या कामात आजारी पडला आणि पुढची कित्येक वर्षं घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम बघत राहिला. त्याचे निरोप घेऊन साइटवर जायची ती त्याची बायको एमिली. जाता जाता तीच केबलचं नि गणिताचं शास्त्र शिकली. 1883 मध्ये पूल खुला झाला. मला निरोप द्यायचा नाही, शिकायचंही नाही. नुसतं बघायचंय.

म्हणजे, असं मी म्हणत होते. हल्ली माझी नजर ठोकळ्यावर ठरत नाही. वर कडेने एक पोरगा चालतो, पट्ट्याचा हुक एका दोरातून काढतो आणि पुढच्या दोरात अडकवतो. कधी कधी मधलं अंतर तो तसाच जातो. रोबलिंगच्या पुलावरही माणसं जिवानिशी गेली होती, वीसएक तरी. मी खिडकीतून ओरडते, ‘अरे, हुक लाव आधी!’ एवढ्या खडखडाटात त्याला काय ऐकू जाणार!