वाया फेराटावर पडायचं नसतं

इटलीतल्या डोलोमाइट्स पर्वतांमध्ये मोंटे पातेर्नो या डोंगरावरचा वाया फेराटा केला आणि तो अजून डोक्यातून जात नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कड्यावर पोलादी केबल ठोकलेली असते, कुठे लोखंडी पायऱ्या, कुठे शिड्या, आणि कमरेच्या हार्नेसला पट्ट्यांनी जोडलेले दोन कॅराबिनर (उघडझाप होणारे धातूचे हूक) त्या केबलला लावत लावत आपण चढायचं. दर काही मीटरवर अँकर येतो, म्हणजे केबल खडकात पक्की केलेली जागा, तिथे एक काढा, पलीकडे लावा, मग दुसरा. दोन्ही एकदम काढायचे नाहीत म्हणजे नाहीत, हात कितीही भरून आले तरी.

लोकांना वाटतं केबलला अडकलोय ना, मग पडलो तरी काय होतंय. तसं नाहीये हो! केबल उभी असेल आणि हात सुटला तर कॅराबिनर घसरत थेट खालच्या अँकरवर जाऊन आदळतो, म्हणजे तुम्ही चार मीटर वर असाल तर ते चार मीटर, अधिक पट्ट्याची लांबी, आणि मग जो झटका बसतो तो साधी स्लिंग (साधा शिवलेला पट्टा) झेलूच शकत नाही. म्हणून या पट्ट्या-कॅराबिनरच्या सेटमध्ये एनर्जी ॲब्सॉर्बर असतो, त्यातली शिवलेली पट्टी टराटरा उसवत जाते आणि झटका कमी करते. एकदा उसवली की सेट बाद. तरीही खाली पायरी किंवा कपार असेल तर हाडं मोडतातच, त्यामुळे इथे पडायचंच नाही असं धरूनच चढायचं. आणि दोन अँकरच्या मधे एका वेळी एकच माणूस, कारण वरचा घसरला तर सरळ खालच्यावर येतो. मागचा घाई करत असेल तर त्याला स्पष्ट सांगा, थांब म्हणून.

पातेर्नोचा रस्ता पहिल्या महायुद्धात खोदलेल्या बोगद्यातून जातो, हेडलॅम्प लागतोच. आत गारवा, ओल, उंच उंच पायऱ्या, आणि मधेच खडकात खिडकी येते अन् समोर त्रे चिमेचे सुळके. फोटोला भारी आहे, पण ही खिडकी कुणी फोटोसाठी नाही खोदली. याच डोंगरावर जुलै १९१५ मध्ये सेप इनरकोफ्लर मारला गेला, ह्याच भागातला नावाजलेला गाईड, जवळची हट, म्हणजे गिर्यारोहकांचं मुक्कामाचं घर, तोच चालवायचा. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

जाणार असाल तर ग्लोव्हज घ्या, केबलचे सुटे धागे हात फाडतात. सुरुवात ए किंवा बी, म्हणजे सोप्या, ग्रेडपासून करा. आणि दुपारी ढग जमायला लागले तर सरळ खाली उतरा, विजा चमकत असताना त्या केबलजवळ थांबू नका.