पील, हळद आणि फाउंडेशन

ठाण्यात थंडी ती काय पडते, असं म्हणणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे घोडबंदर रोडवरच्या एखाद्या हॉलच्या मेकअप रूममध्ये यावं. बाहेरची हवा कोरडी, आत एसी रात्रभर चालू. परवाच्या नवरीच्या नाकाच्या बाजूला, हनुवटीवर आणि भुवयांच्या मधे पापुद्रे उभे होते. तीन-चार दिवसांपूर्वी पार्लरने ब्रायडल पॅकेजच्या नावाखाली ब्लीच, फेशियल आणि वर पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलून काढणारं रसायन, असं सगळं एकदम उरकून दिलेलं. पीलनंतर त्वचा सुटायला काही दिवस लागतात, आणि ते दिवस बरोबर मुहूर्तावर येतात. पॅकेज विकणाऱ्यांना कॅलेंडर दिसत नाही का?

त्यात हळद. पिवळा रंग जाईना म्हणून मावशींनी तिला साबणाने पुन्हापुन्हा तोंड धुवायला लावलं होतं. हळदीचा रंग पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतो. साबणाने रंग राहतो आणि चेहऱ्याचं उरलंसुरलं तेल जातं. म्हणून तेलकट क्लेन्झिंग बाम वाटाण्याएवढा घेऊन कोरड्याच चेहऱ्यावर मिनिटभर हलका फिरवला आणि कोमट ओल्या कापडाने टिपून घेतला. तरी थोडा पिवळेपणा उरलाच. म्हणून फाउंडेशनची शेड गालावर न बघता खांद्याजवळ, हळद न पोचलेल्या जागी बघितली.

मैत्रीण म्हणाली, "ताई, स्क्रब करून टाका ना." पील झालेल्या त्वचेवर स्क्रब म्हणजे लाल चट्टे, आणि ते झाकायला आणखी जाड थर. त्यापेक्षा चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीनवालं सीरम, त्यावर ओलावा धरून ठेवणारं सिरॅमाइडचं क्रीम, आणि पापुद्र्यांवर तांदळाच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली. मग दहा मिनिटं चेहऱ्याला हात नाही, तेवढ्यात डोळ्यांचा मेकअप होतो. शेवटी टिश्यू नुसता टेकवून वरचा चिकटपणा उचलायचा. तो राहिला तर फाउंडेशन घसरतं.

फाउंडेशनखाली लावतात तो प्राइमर लावलाच नाही. सिलिकॉनच्या प्राइमरवर वॉटर-बेस्ड फाउंडेशन गेलं की बऱ्याचदा रव्यासारखे गोळे सुटतात. स्पंज भिजवून घट्ट पिळला, एक पंप फाउंडेशन पॅलेटवर घेतलं आणि गालाच्या मध्यापासून बाहेर थापत नेलं. नाकाच्या कडेला स्पंजवर उरलेलं तेवढंच. तिथे ब्रश फिरवला तर पापुद्र्याची कड उचलली जाते, फाउंडेशन तिच्याखाली साठतं, आणि तासाभरात तिथे चिरा दिसतात. डाग उरले तिथे फक्त कन्सीलर, बोटाच्या उबेने दाबून.

पावडर पफ दुमडून फक्त नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीखाली. फोटोग्राफर मागेच लागला होता, "कपाळ चमकतंय, पावडर मारा." फोटोग्राफरला फक्त स्वतःचा फ्लॅश दिसतो. भुवयांच्या मधे पापुद्रे असताना वर पावडर चढवली की प्रत्येक कड पांढरी उठून दिसते. नाही मारली.

सप्तपदीपर्यंत बेस कुठेही फुटला नाही. पण फोटो आल्यावर काकूंचा मेसेज: "कपाळ तेलकट का दिसतंय?"

चमक एडिटमध्ये कमी करता येते, पापुद्रे काढायला फार वेळ जातो, हे त्यांना कळवलं. तरी प्रश्न चुकीचा नाही. होमापुढे बसून घाम आल्यावर पावडरचे पट्टे पडले असते, पण होम उरकल्यावर ब्लॉटिंग पेपर टेकवून, पापुद्र्यांची जागा सोडून, अगदी पातळ पावडर बसली असती. त्यासाठी हॉलवर थांबावं लागतं. टचअपचे पैसे वेगळे म्हटलं की घरचे नको म्हणतात, आणि तोवर कोपरखैरण्यात दुसरी नवरी तोंड धुऊन बसलेली असते.