घाट उतरल्यावरचा निळा धूर

जुलैमधल्या एका रविवारी बेळगावहून परतताना चोर्ला घाटातल्या वळणावर गाडीच्या डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा दोनदा लुकलुकला. मागच्या सीटवर आई झोपलेली, बाहेर दाट धुकं, फोनला रेंज नाही. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, काढली. टोक कोरडं होतं. डिकीत ऑइलचा एक लिटरचा डबा होता. तो सगळा ओतला तेव्हा कुठे पट्टी खालच्या खुणेपर्यंत भिजली. सर्व्हिसिंग होऊन जेमतेम साडेतीन हजार किलोमीटर झाले होते आणि खाली एक थेंबही गळत नव्हता.

तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब पडला की पेटतो. वळणावर उरलंसुरलं तेल एका बाजूला गेलं आणि पंपाने हवा ओढली, म्हणून तो लुकलुकला. दिवा पेटेपर्यंत वाट पाहायची म्हणजे बेअरिंगांवर घाला घालायचा. आठ वर्षं गाडी चालवून मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे आधी लिहितोय.

ज्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं गाडी नेली, तिथे बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल मिळाला: ‘रिंगा गेल्या. इंजिन काढावं लागेल, अठ्ठेचाळीस हजार.’ रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, ती झिजली की तेल वर जाऊन जळतं. कसलीही चाचणी नाही, एक प्रश्न नाही. गाडी २०१२ची, सव्वा लाख किलोमीटर झालेली, हे मान्य. पण न तपासता इंजिन उघडायला सांगणं मला फार लागलं. त्या गाडीतून मी दर पंधरवड्याला आईला डॉक्टरांकडे नेतो.

एका नातलगाने जाड ऑइल घालायला सांगितलं, २०डब्ल्यू-५०. मी घातलं नाही. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. जाड तेलाने खप थोडा कमी दिसेलही, पण थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

मग वही केली. पहिले चार आकडे फुकट गेले, कारण आमचं अंगण उतरतं आहे आणि डिपस्टिक रोज वेगळंच बोलायची. त्यानंतर दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, वाचनालयासमोरच्या सपाट फरशीवर गाडी लावून मोजू लागलो. औषधाच्या मापाने शंभर-शंभर मिली घालत वरच्या खुणेपर्यंत यायचं आणि किलोमीटर लिहायचे. रात्री इंजिनखाली पुठ्ठा पसरायचो, कारण चिऱ्यांच्या फरसबंदीत थेंब मुरून जातो, दिसत नाही. पुठ्ठा रोज कोरडा. हिशेब निघाला हजार किलोमीटरला सुमारे सहाशे मिली. म्हणजे तेल जळत होतं.

वही घेऊन वाळपईच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि विचारलं, ‘मास्तर, धुंवर घाट चडटना येता काय देंवल्या उपरांत?’ म्हणजे धूर घाट चढताना येतो की उतरल्यावर?

चढताना नाही. केरीला घाट संपला की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मागे निळा लोट, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला एक झुळूक. हे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

त्यांनी समजावलं. उतारावर पाय काढून गाडी गिअरवर सोडली की इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, जोराचा निर्वात तयार होतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी सील कडक झाली असेल तर वरचं तेल त्या फटीतून खाली ओढलं जातं आणि पाय दाबला की जळतं. रात्रभर उभ्या गाडीतही तेच तेल थेंबथेंब उतरतं. रिंगा गेल्या असत्या तर चढावर, जोर लावताना धूर जास्त दिसला असता.

तरी त्यांनी नुसत्या धुरावर विश्वास ठेवला नाही. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारी झडप, काढून हलवला. खुळखुळला, म्हणजे मोकळा होता. तो अडकला तरी तेल जातं आणि बदलायला किरकोळ खर्च येतो. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजलं. १६५ ते १७२ पीएसआय, एकमेकांच्या जवळ. रिंगा ठीक होत्या.

सील बदलायला हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भागही काढावा लागला नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून हवेचा दाब दिला की व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत. स्प्रिंग दाबून एकेक जुनी सील उपसली. हातात घेतली तर मनगटी घड्याळाच्या जुन्या पट्ट्यासारखी ताठ, दाबली की तडकणारी. दीड दिवस काम चाललं, नऊ हजार रुपये झाले. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर तेवढा आधीच बिघडला तर नसेल ना, अशी मला काळजी होती, कारण जळलेल्या तेलाची राख त्यात साचते. पीयूसीचे आकडे नीट आले.

त्यानंतर ३,२०० किलोमीटर झाले. वहीत घातलेलं तेल: दोनशे मिली. परवा बेळगावहून येताना केरीला मुद्दाम थांबून मुलाला मागे उभं केलं आणि पाय दाबला. त्याने हात हलवून सांगितलं, काही नाही.