पाच खोल्यांपुरतं दिसतंय

दहा वर्षं झाली, मी लातूर ते रेणापूरच्या पुढचं एक खेडं असं अप-डाउन करते. आठवडाभर त्याचं काही वाटत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत शुक्रवारची रात्र आली की गॅलरीत जाऊन आभाळ बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. शनिवारी सकाळची शाळा असते. परिपाठाला वेळेवर उभं राहायचं तर सव्वासहाला घर सोडावं लागतं, आणि या दिवसांत सूर्य उगवायला जवळजवळ सात वाजतात.

चांदण्या लख्ख दिसतायत, वारा पडलाय, आणि त्यात रानांना पाणी चालू असलं की सकाळी धुकं ठरलेलंच. उघड्या आभाळाखाली जमीन रात्रभर गार होत जाते आणि तिला लागून असलेली दमट हवाही तिच्याबरोबर गारठते. म्हणून धुकं सगळीकडे सारखं नसतं. गावातून निघताना हवा स्वच्छ असते आणि मांजरेच्या पुलाकडे उतरलं की समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. हरभऱ्याला नुकतं पाणी दिलेलं असलं तर तेवढ्याच पट्ट्यात धुकं, पुढं पुन्हा मोकळं. या मोकळ्या तुकड्यांनीच माणूस फसतो. वाटतं, गेलं धुकं. आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जातो.

सहा वर्षांपूर्वी मी अशीच फसले. पूल ओलांडला तेव्हा काटा साठवर होता. फुल लाइट लावलेली, कारण जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणार अशी माझी समजूत. समोर नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात एक मळकट हिरवा डाग दिसला आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली तेव्हा उसाची टोकं बॉनेटवर टेकली होती. इंजिन बंद पडलेलं. पानांवरचं दव पत्र्यावर टपटप पडत होतं, तेवढाच आवाज. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, रेडियम नव्हतं. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून बाभळीची एक फांदी तोडून टाकली होती, ती माझ्याच चाकाखाली आली होती.

ट्रॅक्टरवरचा पोरगा वीस-बावीस वर्षांचा. धावत आला आणि मलाच पाणी देऊ लागला. "मॅडम, पहाटं तीनला टायर बसलं. मागच्या लाइटीची वायर तर हंगाम लागला तवाच तुटली. मालकाला दोनदा सांगितलं." वर मोळ्यांवर एक बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं लेकरू, फक्त नाक बाहेर.

त्या लेकराचं नाक अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दिवाळीनंतर माझ्या वर्गातली कितीतरी पोरं फक्त हजेरीपटावर उरतात. आई-बाप कोयता घेऊन फडावर गेलेले असतात. काही पोरं हंगामी वसतिगृहामुळे थांबतात, काही आजीपाशी राहतात, बाकीची टोळीबरोबर जातात. त्या ट्रॉलीवर माझ्या चौथीतलं कुणीही असू शकलं असतं.

त्यानंतर मी हिशोब मांडला. साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. आमच्या शाळेची एक खोली साधारण 6 मीटर लांब. म्हणजे समोरचं दिसलं आणि पाय ब्रेकवर पडला, एवढ्यात तीन खोल्या मागं गेल्या, आणि ब्रेक लागायला तर अजून सुरुवातच व्हायचीय. दाट धुक्यात 30 मीटरवरचं, म्हणजे पाच खोल्यांपलीकडचं दिसत नाही. हे गणित मी चौथीच्या फळ्यावरही मांडलं. पोरांना लगेच कळलं. "बाई, मग साठनं जायचंच न्हाई," एक पोरगी म्हणाली. मी आता तीसच्या वर काटा जाऊ देत नाही. मागच्यानं कितीही हॉर्न वाजवला तरी नाही.

फुल लाइट धुक्यात लावूच नये. पाण्याच्या बारीक थेंबांवर उजेड आपटतो आणि उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. डिप्परचा उजेड खाली रस्त्यावर राहतो, कडेची पांढरी पट्टी दिसते, त्या पट्टीच्या आधारानं जायचं. चारी इंडिकेटर लावून पळणाऱ्या गाड्यांचा मला मनापासून राग येतो. ते उभ्या गाडीचं चिन्ह आहे. चालत्या गाडीनं लावलं की ती उभी आहे की चालतेय कळत नाही, वळणार असली तरी कळत नाही. थांबायचंच असेल तर साइडपट्टीवर नाही, सरळ पेट्रोल पंपात किंवा ढाब्याच्या आवारात शिरायचं. शाळेला उशीर झाला तर मी मुख्याध्यापकांना फोन करते. ते समजून घेतात, कारण तेही त्याच रस्त्यानं येतात.

आतून काच धूसर होते त्यावर मी आधी ओढणी फिरवायचे, त्यानं चरे उमटतात आणि समोरचा दिवा फाकतो. आता थंडीतसुद्धा एसी लावते, हवा काचेवर सोडते आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू ठेवते. आमचे हे आधी म्हणायचे, थंडीत कसला एसी? पण एसी हवेतला ओलावा ओढून घेतो, अर्ध्या मिनिटात काच साफ होते.

आणि बाजूची काच चार बोटं खाली. कान गार पडतात, पडू द्यावेत. उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून गाणी मोठ्यानं लावलेली असतात. ट्रॉली दिसायच्या आधी गाणं ऐकू येतं. गाडीतला रेडिओ तेव्हा बंद पाहिजे.

माझे सहकारी मोटारसायकलवर येतात, त्यांना मी सारखी सांगते की हातमोजे घाला. बोटं बधिर झाली की ब्रेकची मूठ आवळायला उशीर होतो. संध्याकाळचं वेगळंच. ऊस तुटलेल्या फडात पाचट पेटवलेलं असतं आणि गार हवेत तो धूर वर न जाता रस्त्यावर पसरतो. तिथंही डिप्पर आणि तीसच.

पण मी कितीही सांभाळून गेले तरी मागं दिवा नसलेली ट्रॉली मला पाच खोल्यांच्या पलीकडे दिसणार नाही. म्हणून मी डिकीत रेडियमच्या चमकणाऱ्या पट्टीचे रोल ठेवते. मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर लावली तर वरून लोंबणारा ऊस ती झाकतो, म्हणून खाली चाकांच्या वरच्या आडव्या अँगलवर लावायची. तिथला पत्रा दवानं ओला आणि गंजलेला असतो. आधी कोरड्या फडक्यानं पुसायचा, पॉलिश पेपर मारायचा, मग चिकटवून अंगठ्यानं दाबत जायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी गळून पडते. बैलगाडीला पत्राच नसतो, तिच्यासाठी पोरांनी शाळेत एक युक्ती काढली. युरियाच्या रिकाम्या पोत्यावर लाल पट्ट्या शिवायच्या आणि ते उसाच्या टोकांना सुतळीनं बांधायचं. आतापर्यंत एकाही गाडीवानानं नको म्हटलेलं नाही.

परवाच्या शनिवारी फाट्यावरच्या टपरीपाशी एक डबल ट्रॉली उभी होती. ड्रायव्हर चहा पीत होता, मी विचारलं, त्यानं स्वतःच गमछानं अँगल पुसून दिला. दोन्ही ट्रॉल्यांना लावून झालं. तो निघाला, मी माझी गाडी डिप्परवर चालू ठेवून बघत बसले. ऊस पाचव्या खोलीशी दिसेनासा झाला. लाल पट्टी बाराव्या खोलीपर्यंत मोजली, मग वळण आलं.