तात्या इटलीत काय करत होते?

आमच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलेय, तात्या इटलीत होते. तात्या म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. सातारा जिल्ह्यातलं गाव, घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे फौजेचं तसं कुणाला अप्रूप नाही, पण इटली म्हटलं की लग्नाकार्यात थोरले काका खुर्ची पुढे ओढून बसायचे आणि सुरूच, की तात्या यशवंत घाडगेंच्या शेजारच्या खंदकात होते, जर्मनांच्या मशीनगनवर धावून गेले, आणि काय काय. तात्या स्वतः यातलं अक्षर बोलायचे नाहीत. मी सहावीत असताना ते गेले. त्यांना मी एकदाच विचारलं होतं की तुम्ही किती जर्मन मारले, तर म्हणाले, जा, शेळीला पाला टाक.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी गावचा माळा रिकामा करायला काढला तेव्हा पत्र्याची ट्रंक सापडली. वर आजीची दोन लुगडी, खाली बिस्किटांचा डबा, डब्यात तीन मेडलं, चार फोटो, अकरा पत्रं आणि वाळवीनं अर्धं खाल्लेलं डिस्चार्ज बुक. काका म्हणाले भंगारात घालू नका, माझ्या कपाटात ठेवा. मी म्हटलं आधी स्कॅन करते, मग काय ते करा. तो डबा अजून माझ्याकडेच आहे, पुण्यात.

खरं सांगायचं तर मला युद्धाबिद्धातलं काही कळत नव्हतं. सुरुवात मेडलांपासून केली कारण ती दिसायला सोपी. दोन सहा टोकांचे ब्राँझचे तारे आणि एक गोल. गोलावर मागच्या बाजूला सिंह उभा आहे आणि पायाखाली दोन तोंडांचं काहीतरी, आत्या म्हणाली घोरपड आहे, तो ड्रॅगन निघाला, वॉर मेडल. एक तारा १९३९-४५ स्टार, तो त्या काळात लढाईवर गेलेल्यांना सरसकट मिळालेला. दुसऱ्याची रिबन मळक्या वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा, बाजूला एक गडद निळी आणि एक फिकी निळी रेघ. हा आफ्रिका स्टार, वाळूचा रंग म्हणजे वाळवंट.

आणि इटली स्टार? नाही. त्याची रिबन लाल-पांढरी-हिरवी असते, त्यांच्या झेंड्यासारखी, ११ जून १९४३ नंतर त्या मोहिमेत जे होते त्यांना दिलेला. डब्यात नाही, ट्रंकेत नाही, आजीच्या लुगड्यांच्या घड्या झटकून बघितल्या, नाही. मला वाटलं हरवला असेल, पोरांनी खेळायला घेतला असेल. पण डिस्चार्ज बुकाचं जे पान वाळवीनं सोडलंय त्यावर मेडलांची यादी आहे आणि त्यातही तीनच.

मग फोटो. एक फोटो तिघांचा, स्टुडिओतला, मागे खोटा पडदा आणि त्यावर खांब रंगवलेले, पाठीमागे पुसट शिक्का कैरोचा. तात्या मधे, हाफ पँट, खांद्यावर पितळी अक्षरं. १२०० डीपीआयला स्कॅन करून झूम केलं तर ‘मराठा’च, फक्त इंग्रजी स्पेलिंगमधे एक एच जास्तीचा, तेव्हा तसंच लिहायचे. आणि बाहीवर चौकोनात एक पक्षी. काका म्हणाले पोपट. मी आठवडाभर त्या पोपटाच्या मागे होते, तो निघाला लाल गरुड, चौथ्या भारतीय डिव्हिजनची खूण. ब्लॅक अँड व्हाइटमधे लाल कुठला दिसायला.

आता इथे काकांच्या गोष्टीला पहिला तडा. यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, म्हणजे ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनची चौकी घेतली आणि तिथेच गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांच्या नावानं २०२३ मधे तिकडे मोंतोने गावात स्मारकसुद्धा झालं, सूर्यघड्याळाच्या आकाराचं. तात्यांच्या पत्रांवर मात्र कोपऱ्यात स्वच्छ २/५ लिहिलंय. दुसरी बटालियन. गरुडवाल्या डिव्हिजनच्या ११व्या ब्रिगेडमधे होती ती. आणि ही ब्रिगेड १९४२ च्या जूनमधे कुठे होती हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून चहा करायला उठले.

तोब्रुक. लिबियाचं बंदर. १९४१ मधे याच तोब्रुकनं आठ महिने वेढा सोसला होता, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की हे काय पडत नाही. पण पुढच्या वर्षापर्यंत तिथले भूसुरुंग काढून पुढच्या गझाला लाइनवर, म्हणजे पुढच्या बचावफळीवर, नेलेले, रणगाडे अडवायचा खंदक जागोजाग वाळूनं भरलेला. २० जूनला पहाटे जर्मन सेनापती रोमेलची विमानं आली आणि बरोबर आग्नेय कोपऱ्यावर बॉम्ब टाकायला लागली. त्या कोपऱ्यात ११वी भारतीय ब्रिगेड, आणि ज्या पट्ट्यातून रणगाडे आत घुसवायचे ठरलं होतं तिथे समोर २/५ मराठा. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला सकाळी, किल्ल्याचा कमांडर जनरल क्लॉपर यानं शरणागती दिली. तीस हजारांवर माणसं एका दिवसात कैद. चर्चिल तेव्हा वॉशिंग्टनला रूझवेल्टकडे बसलेला, तिथे त्याला निरोप मिळाला. रोमेल फील्ड मार्शल झाला. आणि आमचे तात्या, बावीस वर्षांचे, चौथी पास, लग्नाला दीड वर्षही झालेलं नाही, हात वर करून वाळूत बसलेले.

म्हणजे बसलेले असणार. हे माझं मी डोळ्यापुढे आणतेय.

मग पत्रांची ती गड्डी परत वाचली तेव्हा सगळं सरळ दिसायला लागलं, इतके दिवस समोर असून दिसत नव्हतं. पहिली पाच पत्रं साधी, दोन बेळगावहून ट्रेनिंगमधली, तीन एम.ई.एफ.ची, म्हणजे मिडल ईस्ट फोर्सेस. गावाचं नाव नाही, कारण लिहायला परवानगी नाही. सगळी एकाच चालीवर, ‘तीर्थरूप आबांचे सेवेशी, शिरसाष्टांग नमस्कार, येथील क्षेम, तेथील क्षेम कळवित जावे’, आणि मग डायरेक्ट म्हैस. म्हैस गाभण आहे का, म्हशीला आमवसेनंतर बाजार दाखवू नये, म्हैस कुणाला देऊ नये. मी आधी हसत होते की लढाईवर गेलेला माणूस काय हे लिहितोय. पण सगळी पत्रं सेन्सॉरच्या हाताखालून जायची, शिपाई काय बोलतात यावर साहेब लोक उतारे काढून, इंग्रजी करून, रिपोर्ट बनवायचे, ते रिपोर्ट आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अशात माणूस म्हशीबद्दल नाही लिहिणार तर कशाबद्दल? एका पत्रात मात्र एकच ओळ वेगळी आहे, ‘येथे वाळू फार आहे.’ बस.

त्यानंतर जवळजवळ सात महिने काहीच नाही. आणि मग चार कार्डं, जाड, पिवळट, छापील मजकूर असलेली. मी आतापर्यंत ती मिलिटरीची कार्डं समजत होते. छापलेलं इंग्रजी नव्हतंच. ‘प्रिजोनिएरी दी गुएर्रा.’ युद्धकैदी. बाजूला गोल शिक्का, ‘वेरिफिकातो पेर चेन्सुरा’, आणि पत्त्यात पी.जी. ९१. हा ९१ नंबरचा कॅम्प अवेझ्झानो गावाजवळचा, रोमच्या पूर्वेला डोंगरात, भारतीय कैदी तिथे ठेवलेले. १९१५ च्या भूकंपात अख्खं जमीनदोस्त झालेलं गाव ते.

म्हणजे तात्या इटलीत होतेच. काका खोटं बोलत नव्हते. फक्त तारेच्या आत होते.

आत्याला फोन केला. माझी धाकटी आत्या, सत्तरीतली, कराडला असते. म्हटलं आत्या, तात्या कैदेत होते? तर ती अगदी थंडपणे, हो की. तुला माहिती होतं? आईनं सांगितलं होतं. मग बोलली का नाहीस कधी? तर म्हणे, तू विचारलंस कधी, आणि तुझ्या काकासमोर कोण बोलणार. आता काय बोलायचं यावर!

मग तिनं जे सांगितलं ते असं. १९४२ च्या पावसाळ्यात तार आली, बेपत्ता. आजी सतरा वर्षांची. शेजारच्या बायका जमल्या, रडारड सुरू झाली, आणि पणजी, म्हणजे तात्यांची आई, उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, तारेत मेला म्हणून लिवलंय का? न्हाई ना? मग कुंकू पुसायचं न्हाई. त्या दिवसापासून रोज सकाळी ती आजीला समोर बसवून स्वतःच्या हातानं कुंकू लावायची, मेणावर, ठसठशीत, रुपयाएवढं. पुढच्या जानेवारीत पहिलं कार्ड आलं तोवर. आजी म्हणायची की नवऱ्याच्या काळजीपेक्षा सासूच्या अंगठ्याचा दाब जास्त लक्षात राहिला, कपाळ दुखायचं.

आणि मजा म्हणजे त्याच काळात सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार जोरात, तात्यांचा सख्खा भाऊ रात्री रानात भूमिगतांना भाकरी पोचवायचा. एकाच चुलीवरच्या भाकरी, एक भाऊ इंग्रजांच्या गणवेशात कैदेत, दुसरा इंग्रजांपासून लपणाऱ्यांना जेवू घालतोय. घरात यावरून कधी भांडण झालं नाही म्हणे. पलटण म्हणजे मनिऑर्डर, इतका तो सरळ हिशोब होता.

तोब्रुकचे कैदी बेनगाझीवरून बोटीनं इटलीला नेले. त्यातली ‘निनो बिक्सिओ’ नावाची बोट १७ ऑगस्ट १९४२ ला इंग्रजांच्याच पाणबुडीनं टॉर्पेडो मारून फोडली, आत कैदी आहेत हे बाहेरून कसं कळणार, शेकड्यांनी मेले. तात्या कुठल्या बोटीत होते ते कार्डात नाही. पण हे वाचताना मला महाबळेश्वरची ट्रिप आठवली. मी सात-आठ वर्षांची, वेण्णा लेकवर सगळे बोटीत बसले, तात्या नाहीत. काकांनी ओढलं, आजी बोलली, शेवटी ते काठावर सगळ्यांच्या चपला राखत बसून राहिले. आम्ही त्यांना पाण्यातून हात करत होतो आणि ते बघतच नव्हते, पाठ करून बसले होते.

पुढचा भाग सगळ्यात कमी कागदांचा. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर झालं, कॅम्पांचे पहारेकरी पांगले, जर्मन येऊन कैद्यांना उचलायच्या आत ज्यांना जमलं ते डोंगरात पळाले. तात्यांचं शेवटचं कार्ड ऑगस्टचं. त्यानंतरचं पत्र फेब्रुवारी १९४४ चं, वर सी.एम.एफ., सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, म्हणजे पुन्हा आपल्या फौजेच्या पोस्टातून. मधला सगळा हिवाळा अब्रुझ्झीच्या, म्हणजे कॅम्पाच्याच भागातल्या, डोंगरात. तिथल्या शेतकऱ्यांनी अशा पळालेल्या कैद्यांना घरात, गोठ्यात, गुहेत लपवलं, जर्मनांना कळलं तर गोळी हे माहीत असून. आत्याला आजीकडून कळलेलं एवढंच की एका म्हातारीच्या घरात खाली गाढवं आणि वर तात्या, गाढवांची ऊब यायची. आणि खायला मक्याच्या पिठाचं काहीतरी, आपल्या पिठल्यासारखं घट्ट.

फेब्रुवारीच्या त्या पत्रात काय असेल वाटतं? ‘म्हैस व्याली का ते कळविणे.’

मी उत्साहात हे सगळं टाइप करून फॅमिली ग्रुपवर टाकणार होते, त्याआधी काकांना फोन केला, मान म्हणून. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ग्रुपवर टाकू नको. का? लोक काय म्हणतील, पकडले गेले म्हणून. मला रागच आला. तीस हजार माणसांना एका जनरलनं शरण जायला लावलं त्यात शिपायाचा काय दोष, आणि पकडलं गेल्यावर दीड वर्षानं बर्फातून चालत परत येणं हे काही कमी आहे का? मी हे बोलले, जरा चढ्या आवाजात. काका म्हणाले, तुला काय कळतंय, मी शाळेत असताना मास्तरांनी विचारलं होतं तुझा बाप काय करत होता लढाईत, मी घरी येऊन तात्यांना विचारलं, ते म्हणाले काही नाही. काही नाही म्हणाले! मग मी काय सांगायचं शाळेत?

मी ते ग्रुपवर टाकलं नाही. इथे लिहितेय, काका इथे येत नाहीत.

आता ‘पाने’. हे सांगायचं म्हणून एवढं लिहीत बसले खरं तर. तात्या रात्री जेवायला बसले की हाक मारायचे, ‘पाने!’ आम्ही सगळे समजायचो पानं घ्या म्हणतायत, म्हणजे ताटं वाढा. आई, काकू लगबगीनं ताटं मांडायच्या आणि तात्या गालात हसायचे. कधीकधी ताट समोर असतानाही म्हणायचे, पाने, मग आजी न बोलता ताटात भाकरी टाकायची. फक्त आजी. आम्हाला वाटायचं म्हातारपणी भ्रमिष्ट झालेत, अर्धा शब्द बोलतात. गेल्या महिन्यात त्या कार्डांवरचं इटालियन समजून घ्यायला मी मोबाइलवर कोर्स सुरू केला, पहिल्याच धड्यात सफरचंद, पाणी, आणि भाकर-पावाला काय म्हणतात तर पाने.

रविवारी कराडला गेले आणि आत्याला तो मोबाइल कानाशी लावून ऐकवलं. बाईचा आवाज, स्वच्छ, पाने. आत्या म्हणाली परत लाव. परत लावलं. चार वेळा लावलं. मग म्हणाली, तात्या याच्यापेक्षा जरा लांबवून म्हणायचे.