१६के ते ४८के: वाढलेली मेमरी आणि बदललेले पत्ते

माझ्याकडचा झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा घरगुती संगणक, मामांनी १९८३ साली लंडनहून आणला. १९८२ च्या एप्रिलमध्ये हे यंत्र बाजारात आले तेव्हा १६के (१६ किलोबाइट) रॅमच्या आवृत्तीची किंमत १२५ पौंड आणि ४८के आवृत्तीची १७५ पौंड होती. मामांनी अर्थातच स्वस्तातली आवृत्ती घेतली आणि मेमरी पुढे कधीतरी वाढवू असे म्हणून विषय तिथेच सोडला. ते काम आता मी हाती घेतले आहे. बोर्ड इश्यू टूचा, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचा आहे. झेड८० या प्रोसेसरच्या पायांवर कारखान्यातच डकवलेला ट्रान्झिस्टर अजून जागच्या जागी आहे आणि वरच्या ३२के मेमरीची सॉकेटे चाळीस वर्षे रिकामीच आहेत.

नवी मेमरी बसवण्याआधी जुनी मेमरी सुरक्षित आहे याची खात्री करून घेणे गरजेचे होते. खालच्या १६के साठी वापरलेल्या ४११६ जातीच्या आठ चिपना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात; त्यांतले −५ नाहीसे झाले की या चिप जळतात आणि ते नाहीसे होण्याचे कारण बहुधा बोर्डावरच्या छोट्या कन्व्हर्टरमध्ये किंवा सुकलेल्या कॅपॅसिटरमध्ये सापडते. म्हणून इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सगळे बदलले, तापणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरच्या जागी स्विचिंग पद्धतीचा छोटा रेग्युलेटर बसवला आणि तिन्ही व्होल्टेज मल्टिमीटरने तपासली. ॲडॉप्टर बदलणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनमध्ये मधला भाग ऋण असतो, आजच्या बहुतेक ॲडॉप्टरच्या नेमका उलट.

त्यानंतर, अजून १६के असतानाच, हाताशी असलेल्या प्रोग्रामांच्या कॅसेट चालवून पडद्याचे फोटो काढून ठेवले. या फोटोंचा पुढे फार उपयोग झाला. टेपरेकॉर्डरचा पट्टा चिकट होऊन गळाला होता, तो बदलला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि शेजारचा स्क्रू किंचित फिरवून आवाज जास्तीत जास्त स्वच्छ येईल असा कोन साधला. हे केल्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’ हा संदेश जवळजवळ दिसेनासा झाला.

वरच्या मेमरीसाठी मुळात ४५३२ जातीच्या चिप असत. त्या म्हणजे ज्यांचा एक अर्धा भाग सदोष निघाला अशा ६४ किलोबिटच्या चिप, ज्यांचा चांगला अर्धा भाग वापरला जाई. सिंक्लेअरची काटकसर याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही. मी पूर्ण चांगल्या ४१६४ चिप वापरल्या. मात्र कोणतीही ४१६४ चालत नाही. या चिपमधली माहिती सतत ताजी (रिफ्रेश) करत राहावी लागते. झेड८० चा रिफ्रेश काउंटर सात बिटांचा असल्याने तो १२८ ओळीच ताज्या ठेवतो आणि काही उत्पादकांच्या ४१६४ ला २५६ ओळींचा रिफ्रेश लागतो. खरेदीपूर्वी डेटाशीट वाचावे, हा आग्रह त्यासाठीच. आठ मेमरी चिपखेरीज एक ७४एलएस३२, एक ७४एलएस०० आणि दोन ७४एलएस१५७ अशा चार लॉजिक चिप लागतात.

सगळे बसवून यंत्र सुरू केले. कॉपीराइटची नेहमीची ओळ आली, पण मेमरीचा शेवटचा पत्ता विचारणाऱ्या ‘प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३’ या आज्ञेचे उत्तर ६५५३५ ऐवजी जुनेच ३२७६७ मिळाले. सुरू होताना रॉम (यंत्रातला कायमचा प्रोग्राम) सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरते, मग खालून वर वाचत जाते आणि जिथे पहिली चूक सापडते तिथेच मेमरी संपली असे धरते. त्यामुळे वरच्या आठांतली एक चिप जरी बिघडली तरी यंत्र बंद पडत नाही, मुकाट्याने १६के होऊन बसते. दोष शोधण्यासाठी ४०००० या पत्त्यावर ० लिहून परत वाचले तर ३२ आले. प्रत्येक चिप एकेक बिट सांभाळते आणि ३२ म्हणजे शून्यापासून मोजता पाचवा बिट, तेव्हा डी५ रेषेवरची चिप उपसून पाहिली. तिचा एक पाय सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडला होता. तो सरळ करून बसवल्यावर ६५५३५ आले.

मग सॉफ्टवेअरची चाचणी. १६के साठी लिहिलेला जेटपॅक हा खेळ पूर्वीसारखाच चालला आणि ४८के मागणारा मॅनिक मायनर या यंत्रावर प्रथमच लोड झाला. त्यांविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. बिघडला तो मामांचा प्रोग्राम.

मामांनी बेसिक भाषेत माझ्यासाठी पाढ्यांचा एक प्रोग्राम लिहिला होता. स्पेक्ट्रमवर वापरकर्त्याला स्वतःची २१ चिन्हे रचता येतात. मामांनी त्यांतली दहा देवनागरी अंकांना दिली, दहांत ‘पाढे’, ‘चूक’, ‘बरोबर’ आणि ‘शाबास’ या शब्दांना पुरणारी अक्षरे बसवली आणि उरलेल्या एकात फूल काढले. अपग्रेडनंतर हा प्रोग्राम लोड झाला, चाललाही, पण ‘२ * ७ = १४’ च्या जागी पडद्यावर ‘सी * एच = बीई’ असे रोमन लिपीत उमटले आणि वरच्या ‘पाढे’ या मथळ्याचे ‘केएल’ झाले.

पहिला संशय नव्या चिपवर गेला, तो चुकीचा होता. ही २१ चिन्हे मेमरीच्या अगदी शेवटच्या १६८ बाइटमध्ये राहतात, म्हणजे १६के यंत्रात ३२६०० पासून आणि ४८के यंत्रात ६५३६८ पासून. सुरुवातीला तिथे ए ते यू या अक्षरांच्या नकला असतात. मामांनी पत्ता ‘यूएसआर "ए"’ असा यंत्रालाच न विचारता ‘फॉर एन=३२६०० टू ३२७६७’ असा थेट आकड्यांत लिहिला होता. प्रोग्राम त्याच जागी इमानाने देवनागरी भरत होता. यंत्र मात्र चिन्हे नव्या जागेतून उचलत होते.

ही ओळ बदलून ‘यूएसआर "ए"’ पासून पुढे १६७ पर्यंत अशी केली की प्रश्न मिटतो, आणि स्वतःच्या जुन्या प्रोग्रामात सर्वांनी तसेच करावे. मामांच्या कॅसेटला हात लावण्याची मात्र माझी इच्छा नव्हती. म्हणून लोड करण्यापूर्वी ‘क्लिअर ३२५९९’ देऊन बेसिकला जुन्या सीमेच्या आत ठेवले आणि नंतर ‘पोक २३६७५,८८’ व ‘पोक २३६७६,१२७’ देऊन चिन्हांचा पत्ता पुन्हा ३२६०० केला (१२७ गुणिले २५६, अधिक ८८). प्रोग्राम लहान असल्याने ‘क्लिअर’ शिवायही चालले असते. तरी मोठ्या प्रोग्रामात बेसिक त्या जागेवर चढू शकते, म्हणून ते वगळू नये. या तीन आज्ञांनंतर पाढे देवनागरीत आले. भारतात परवान्याने विकला गेलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस मुळातच ४८के असल्याने, ज्यांच्याकडे तो आहे त्यांनाही १६के काळातले असे प्रोग्राम याच रीतीने चालवता यावेत.

शेवटी एक शंका उरली. ‘९’ च्या शेपटीपाशी एक ठिपका जास्तीचा दिसत होता आणि जुन्या ४११६ पैकी एखादी चिप आता दगा देऊ लागली की काय असे वाटले. अपग्रेडपूर्वीचा फोटो काढून पाहिला, तर त्यातही तोच ठिपका त्याच जागी होता. डेटाच्या ओळीत एक आकडा मामांकडूनच चुकलेला आहे. तो तसाच ठेवला आहे.